गाडी कधी तापते, ते चालवणारीला विचारा

बाई गाडी चालवते याचं आता फारसं कुणाला नवल नाही. परभणीच्या शीला डावरे यांनी १९८८ साली पुण्यात रिक्षा चालवायला घेतली तेव्हा होतं. पण स्टिअरिंग हाती आलं म्हणून बॉनेट उघडायचा अधिकारही आला, असं झालेलं नाही. गाडी तापून रस्त्यात उभी राहिली की चालवणारी बाई आपोआप बाजूला होते आणि चार पुरुष बॉनेटभोवती गोळा होतात.

आमच्या गटाकडे एक जुनी मारुती ८०० आहे. या गाडीचं उत्पादनच २०१४ साली थांबलं, म्हणजे तिच्या वयाचा अंदाज यावा. कधी शिबिरासाठी रेवदंडा-मुरूड, कधी मारहाणीच्या तक्रारीसाठी रात्री पेण. ती तापू लागली तेव्हा एका गॅरेजमध्ये ऐकायला मिळालं, "इंजिनाचं काम निघालंय, खोलावं लागेल. साहेबांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो." कोणते साहेब? आमच्या गटात साहेब नाहीत. गाडी रोज मी चालवते, पण कधी तापते, कुठे तापते, हा एक साधा प्रश्न मला कुणी विचारला नाही.

आणि खरी मेख तिथेच आहे. शनिवारी पर्यटकांच्या रांगेत उभी असताना काटा चढतो आणि मोकळा रस्ता लागला की उतरतो, तर संशय पंख्यावर. मारुतीत तो विजेवर फिरतो. फ्यूज, मोटर, स्विच बघायचा. जुन्या फियाटमध्ये किंवा जीपमध्ये पट्ट्यावर फिरतो. पट्टा सैल झालाय का बघायचं. रांगेत ठीक, पण कार्लेखिंडीचा चढ लागला की तापते, तर रेडिएटर आतून तुंबलाय किंवा त्याची जाळी खाऱ्या हवेने खाल्ली आहे. सकाळी सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा वर आणि रेडिएटरकडे जाणारा वरचा पाइप मात्र गार, तर थर्मोस्टॅट अडकलाय. (तो बदलायच्या ऐवजी "आपल्याकडे उकाडाच आहे, कशाला हवा" म्हणून काढून फेकायची पद्धत आहे. मग इंजिन नीट तापतच नाही आणि पेट्रोल जास्त जातं.) पाणी रोज कमी होतंय, गळती कुठे दिसत नाही, मागून पांढरी वाफ येते, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं, तर गास्केट गेलं असावं. खोलायची वेळ आली ती या शेवटच्या वेळी. बाकी सगळी कामं त्या मानाने स्वस्त. म्हणजे "कधी तापते" या प्रश्नाच्या उत्तरावर गटाचे कित्येक हजार रुपये अवलंबून असतात.

आमची चढावर तापत होती, पंखा चालू होता. दुसऱ्या मेस्त्रीला एवढंच सांगितलं. त्याने रेडिएटर उतरवला. आत तांबूस-पांढरा थर, नळ्या अर्ध्या बुजलेल्या. आमच्याकडे येण्याआधी ही गाडी जिथे मिळेल तिथलं पाणी प्यायली होती. खारेपाटात हे नवं नाही. पण कोणत्या विहिरीचं पाणी मचूळ, कोणत्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पातेल्याला पुटं चढतात, हे इथे कुणाला माहीत असतं? मैलभर चालून गोडं पाणी आणणाऱ्या बायकांना. हेच पाणी रेडिएटरला बाधतं. ज्या गोष्टीला घरात बाईची कटकट म्हणतात, तिलाच गॅरेजमध्ये तांत्रिक ज्ञान म्हणतात. खरं तर रेडिएटरमध्ये शुद्ध केलेलं पाणी आणि कूलंटच हवं. अडचणीला साधं पाणी घालावंच लागलं तर गोडं घालावं आणि नंतर काढून टाकावं.

स्वयंपाकघराची उदाहरणं देऊन बायकांना यंत्र समजावणं मला आवडत नाही. तरी कुकरचा दाखला इथे चपखल बसतो, कारण यंत्र तेच आहे. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही. वाफ न जिरलेला कुकर आपण उघडत नाही. तापलेल्या रेडिएटरचं झाकणही उघडायचं नाही. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. पंख्यापासून हात लांब ठेवा, तो इंजिन बंद असतानाही फिरू शकतो. मदतीला आलेला कुणी थंड पाण्याची बादली ओतायला निघाला तर त्याला ठाम नाही म्हणा. तापलेलं हेड त्याने वाकू किंवा तडकू शकतं. आणि काटा खाली आला म्हणून निघू नका. पाणी पार संपलं असेल तर काटा खोटंही बोलतो.

आमच्यातल्याच काहीजणी म्हणाल्या, हे गाडीवाल्या बायकांचे चोचले, आपल्या बायका एसटीने आणि मिनिडोअरने जातात. खरं आहे. पण पहाटे भाड्याच्या टेम्पोतून बाजाराला निघालेल्या कोळणीचं काय? टेम्पो वाटेत तापला तर ड्रायव्हर झाडाखाली विडी ओढतो, बर्फ वितळतो तो हिच्या टोपलीतला. भाडं ठरवताना "रेडिएटरमध्ये पाणी आहे का, पट्टा बघितलास का" एवढं विचारायची तिची सोय व्हायला हवी. पुढच्या शिबिरात कायद्याच्या सत्रानंतर दोन तास बॉनेट उघडून उभं राहायचं, असं मी सुचवलं आहे. गाडी आमचीच वापरू. जुना रेडिएटरही मी मेस्त्रीकडून मागून आणलाय, कापून आतला थर दाखवता येईल.