रंकाळ्याचा काठ कोणासाठी राखायचा?

कोल्हापुरात 'सुशोभीकरण' हा शब्द कानी आला की रंकाळा आठवावा, असा जणू संकेतच रूढ झाला आहे. निधी मंजूर होतो, नारळ फुटतो, जुनी फरशी उखडून नवी बसते, नवे दिवे लागतात. काठाखालचे पाणी मात्र हिरवेच राहते. ज्या तलावामुळे या काठाला अर्थ आहे, तोच नासत असताना काठाला रंगरंगोटी करणे याला संवर्धन म्हणावयाचे काय, हा प्रश्न आता स्पष्टपणे विचारला पाहिजे.

जुने कोल्हापूर हे तळ्यांचे गाव होते. त्यांपैकी बहुतेक तळी आपण बुजविली. कपिलतीर्थाची मंडई झाली, वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले, रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम उभे राहिले. मंडई आणि मैदान ही लोकांच्याच उपयोगाची स्थाने. त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. पण पाणी आपली जागा विसरत नाही. पावसाळा आला की गांधी मैदानात तळे साचते, त्यात गटाराचे मैले मिसळते आणि पोरांचा खेळ बंद पडतो. हा धडा डोळ्यांसमोर असताना उरलेल्या तलावांशी तरी आपण शहाणपणाने वागावयास हवे होते.

रंकाळा ही मुळात दगडाची खाण, तिच्या दगडातून देवळे उभी राहिली आणि पुढे भूकंपाने तिच्यात पाणी भरले, अशी परंपरागत कथा आहे. रंकभैरवाचे देऊळ पाण्यात आहे, असेही सांगतात. कथा खरी मानली तर हा तलाव प्रथम पाथरवटांच्या पहारीचे आणि नंतर निसर्गाचे देणे ठरतो. उत्तर काठावर १९३१ ते १९३४ या काळात आठ लाख रुपये खर्चून शालिनी पॅलेस बांधला गेला. १९८७ साली त्याचे हॉटेल झाले. राजवाड्याच्या गच्चीवरून दिसणारा सूर्यास्त त्या वेळी खोलीच्या भाड्यात मोजला गेला असेल. चौपाटीच्या कट्ट्यावरून तोच सूर्यास्त फुकट दिसतो. पद्माराजे उद्यान आणि ही चौपाटी म्हणजे दोन खोल्यांत सात माणसे राहणाऱ्या कुटुंबाचे अंगण आहे. धुण्याच्या चावीवर कपडे आपटणाऱ्या बायकांचा या पाण्यावरील हक्क तर कोणत्याही उद्यानाहून जुना आहे.

आणि तरीही घाणीचा विषय निघाला की बोट प्रथम रोखले जाते ते भेळवाल्यावर आणि कणीसवाल्यावर. द्रोण-कागद पाण्यात टाकणाऱ्याला दंड जरूर करा. पण श्याम सोसायटी आणि देशमुख हॉलकडून येणाऱ्या नाल्यांतून वर्षानुवर्षे जे सांडपाणी तलावात उतरले, ते काय भेळेच्या गाडीवरून आले? सांडपाण्यातील आणि धुण्याच्या पावडरीतील नत्र व स्फुरद हे शेवाळाचे खाद्य. त्यावर पोसलेल्या शेवाळाची दाट साय पाण्यावर धरते. ती मरून कुजते तेव्हा पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे तरंगू लागतात. नाला चालू ठेवून यंत्राने पाण्यात हवा सोडणे म्हणजे रोग्याला रोज विष देऊन वर पंख्याने वारा घालणे होय. हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठापर्यंत गेला, ही महापालिकेला भूषणावह गोष्ट नव्हे. फेरीवाल्यांपुरते बोलायचे तर २०१४ च्या कायद्याने सर्वेक्षण पूर्ण होण्यापूर्वी त्यांना हटविण्यास मनाई केली आहे आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा त्यांच्या प्रतिनिधींना दिल्या आहेत. अतिक्रमण हटविण्याचे कर्तव्य ज्यांना तत्परतेने आठवते, त्यांना ही कलमे तेवढी आठवत नाहीत.

'पालिकेकडे पैसा नाही, उद्यान चालवावयास द्या, तिकीट लावा, म्हणजे स्वच्छता राहील', असा युक्तिवाद पुढे केला जातो. तो करणारे सगळेच दुष्ट हेतूचे असतात असे नाही. अस्वच्छतेला विटलेले सरळ नागरिकही त्यांत असतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, याच तर्काने या शहराचे रस्ते ठेकेदाराच्या हवाली झाले आणि नाक्यानाक्यावर टोल उभा राहिला. प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे रस्त्यावर उतरली, वर्षानुवर्षे लढली, तेव्हा तो टोल गेला. रस्त्यावरचा टोल नाकारणाऱ्या शहराने तलावाच्या काठावरचा टोल मान्य करावा काय?

निधीविषयीची दुसरी बाब अधिक गंभीर आहे. २०२० च्या नोव्हेंबरात महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे पाच वर्षे प्रशासकाने कारभार पाहिला. त्या काळात काठावर काय बांधावे, कोणत्या दगडाचे बांधावे, हे ठरले. त्यावर सभागृहात एका शब्दाची चर्चा होऊ शकली नाही. झालेल्या खर्चापैकी किती पैसा नाले अडविण्यावर आणि किती दिव्यांवर गेला, याचा हिशेब लोकांपुढे मांडला गेलाच पाहिजे. तो मिळेपर्यंत शोभेच्या एकाही नव्या कामास मंजुरी देऊ नये.

कार्यकर्त्यांनी यासाठी निवेदनाची वाट पाहू नये. परताळ्यापासून धुण्याच्या चावीपर्यंत काठाने चालत जावे, प्रत्येक नाल्याचे तोंड कोठे आहे आणि त्यातून आज काय वाहते आहे, याची तारीखवार नोंद करावी. सोबत फेरीवाल्यांना आणि धुण्याच्या बायकांना घ्यावे. त्यांना हे नाले अभियंत्यांपेक्षा अधिक ठाऊक आहेत. पहिली नोंद वळीव पडण्यापूर्वी घ्यावी आणि दुसरी मृगाच्या पावसानंतर, म्हणजे कोणता नाला पावसाचा आणि कोणता मैल्याचा, हे सांगताना कोणाला सबब उरणार नाही.