वरचा मजला कोणाच्या वाट्याला?

शिंदखेड्यातल्या दोन मजली घरात वर कोणी राहायचं, याचा निकाल एप्रिलच्या आधीच लागलेला असतो. आजी-आजोबा गुडघ्यांमुळे खाली, बैठक खाली, देवघर खाली. वर मुलगा-सून, नाहीतर बदली होऊन आलेला भाडेकरू. ‘वर ते भट्टी शे,’ हे घरमालक स्वतःच हसत सांगतो, भाड्यात मात्र दमडी सोडत नाही.

गरम हवा वर चढते म्हणून वर उकडतं, असं शाळेत शिकलेलं उत्तर आपण देतो. ते खोटं नाही, पण खानदेशात ते फार थोडं खरं आहे. आपल्याकडे उष्णता खालून वर जात नाही, वरूनच खाली उतरते. मेच्या शेवटच्या आठवड्यात शिंदखेड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. दक्षिणेच्या भिंतीला तेव्हा ऊन जवळजवळ लागतच नाही. सगळा मारा छतावर. पारा ४३-४४ अंशांवर असताना उघडा सिमेंटचा स्लॅब ६० अंशांच्या आसपास तापतो आणि ती धग तीन-चार तासांनी खालच्या बाजूला पोचते. म्हणून वरच्या खोलीची खरी शिक्षा दुपारी नसते, ती संध्याकाळी सुरू होते. बाहेर वारं गार झालेलं असतं आणि आत पंखा छताजवळची गरम हवा अंगावर ढकलत असतो.

जुन्या धाब्याच्या घराला हा त्रास नव्हता. लाकडी सरे, त्यावर फळ्या किंवा काड्या, पाला आणि वर मातीचा जाड थर. दिवसभराचं ऊन त्या मातीतच मुरायचं. रात्री घरातले सगळे धाब्यावर झोपायला जायचे, म्हणजे दिवसा खाली आणि रात्री वर. आता धाब्याकडे परत जा असं मी म्हणणार नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी माती चढवायला माणूस मिळत नाही, आणि गळक्या धाब्याखाली ज्यांनी रात्री काढल्या त्यांना त्याचं कौतुक सांगू नये.

पण मातीचा थर गेला तेव्हा त्याच्या जागी काय आलं? काहीच नाही. आपल्या गावांत घरांच्या डोक्यावर कॉलमच्या गंजक्या सळया उभ्या दिसतात. पुढेमागे अजून एक मजला चढवायचा म्हणून त्या ठेवलेल्या. ‘वर बांधायचंच आहे, मग आता कोबा कशाला, टाइल कशाला?’ त्या न बांधलेल्या मजल्यापायी खालच्या मजल्यातली माणसं पंधरा-पंधरा उन्हाळे भाजून निघतात. पुढे मजला चढलाच, तर भाजणारा फक्त बदलतो.

केंद्राच्या २०१८ च्या इको-निवास संहितेत छताला मर्यादा घातलेली आहे: आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना चौरस मीटरमागे १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये. उघड्या स्लॅबमधून याच्या अडीच-तीन पट येते. पण संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी. आपल्याकडची बहुतेक घरं त्यात बसणारच नाहीत. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं स्वतंत्र धोरण आणलं. तेलंगणापेक्षा आपलं ऊन काही सौम्य नाही. बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला देताना नगरपंचायतीने स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि पांढऱ्या टाइलचे तुकडे आहेत का, एवढं विचारावं. ज्याला तेवढा खर्च झेपत नाही त्याने मार्चमध्ये चुन्याचे दोन हात द्यावेत. पावसात चुना धुपतो, पण उन्हाळा निभावतो.

छत सुधारल्यावर मग जिना. दिवसभर जिन्याच्या वरचं दार बंद ठेवावं. सूर्य मावळून बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली, की ते उघडावं आणि खालची खिडकीही उघडावी. साठलेली गरम हवा वरून निघून जाते आणि खालून गार हवा ओढली जाते. कुलर असेल तर तो खालच्या खिडकीत लावून खालच्या बाकी खिडक्या बंद, वरची एक उघडी. म्हणजे कुलरची हवा जिन्यानेच वर जाते. कोरड्या एप्रिल-मेमध्ये याने वरच्यालाही थोडा गारवा मिळतो, जुलैच्या दमटपणात नाही. एसीचं गणित उलटं. गार हवा जड, ती पायऱ्यांवरून खाली सांडते. वर एसी लावून खोलीचं दार उघडं ठेवणारा बिल भरतो आणि गारवा खालच्या बैठकीला देतो.

हल्ली छतावर सौर पॅनेल येताहेत. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. विजेचा हिशेब सगळे करतात, सावलीचा कोणी करत नाही. पॅनेल उंच सांगाड्यावर बसवले, खालून वारा खेळता राहिला, तर तेवढ्या भागातल्या स्लॅबला ऊनच लागत नाही. फक्त बसवणाऱ्याला आधीच सांगावं, की सावली झोपायच्या खोलीवर हवी. नाहीतर तो सोयीचा कोपरा धरतो आणि सावली जिन्यावर पडते.

यावर घरातून एक हरकत हमखास येते: मग कुरडया-पापड कुठे वाळवायचे? हरकत रास्त आहे. गच्चीचा थोडा भाग उन्हाला सोडावाच लागेल. तो स्वयंपाकघरावरचा न ठेवता व्हरांड्यावरचा ठेवावा. स्वयंपाकघरात उन्हाळाभर चुलीची धग असतेच.