चाकाचा बोल्ट पुन्हापुन्हा का तुटतो?

आमच्या शेजारचे एक बांधव जुन्या व्हॅनमधून शाळेची मुले नेतात-आणतात. चार महिन्यांत त्यांच्या मागच्या डाव्या चाकाचे स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतात ते बोल्ट, तीनदा तुटले. दरवेळी गॅरेजवाल्याने तुटला तेवढाच बदलला आणि "हल्ली मालच हलका येतो" म्हणून पैसे घेतले. तिसऱ्या खेपेला गाडीत सात मुले होती. वहिनी आमच्याकडे आल्या, "भाऊजी, तुम्ही वर्कशॉपात होता, जरा बघा."

तुटलेला तुकडा त्यांनी जपून ठेवला होता, हे फार बरे केले. एका झटक्यात तुटलेला बोल्ट तुटल्या जागी सगळीकडे खरखरीत दिसतो. या तुकड्याचा अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत होता आणि त्यावर शिंपल्यासारख्या रेघा होत्या. म्हणजे चीर आधीच पडलेली होती, ती रोज थोडी थोडी वाढत गेली.

पुष्कळांना वाटते की गाडीचा भार बोल्ट पेलतात. तसे नाही. नट आवळले की रिम ड्रमवर घट्ट दाबून बसते आणि त्या दाबामुळे होणाऱ्या घर्षणावर भार पेलला जातो. दाब कमी झाला की रिम किंचित सरकते व चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला स्टड वाकतो. तार इकडून तिकडे वाकवून आपण तोडतो ना, तसेच.

चाक उतरवले. रिमच्या आतल्या बाजूला रंगाचा जाड थर (दिवाळीत हौसेने रंगवली होती!), ड्रमवर गंजाचे पापुद्रे. रंग चेपला, गंज झडला की नट आपोआप ढिले. रिमची भोकेही लांबट झालेली. शिवाय भोकांची बैठक निमुळती, आणि दोन नट मात्र सपाट तोंडाचे! कोणी बसवले, देव जाणे.

रिम बदलली, ड्रमचे तोंड घासून साफ केले, त्या चाकाचे सगळे स्टड व नट नवे घातले. एक तुटला की त्याचा भार शेजारच्यांवर पडतो. ते दिसायला धड, पण आतून थकलेले असतात. मग समोरासमोरचे नट आळीपाळीने, गाडीच्या पुस्तकातील मापाप्रमाणे टॉर्क पान्याने आवळले. पान्याला पाईप लावून वर उभे राहण्याची खोड वाईट, त्याने बोल्ट ताणला जातो. पन्नास किलोमीटर रिकामी गाडी फिरवून पुन्हा पाना लावला, तर एक नट पाव फेरा फिरलाच.

आता रोज सकाळी मुले बसण्याआधी वहिनी स्वतः चाके पाहतात. नटाभोवती गंजाची तांबूस रेघ दिसली, तर गाडी सुटत नाही.