सामाईक भिंत पुरेशी नाही



वेम्बलीतील आपल्या घरगुती बैठकांतून एक वाक्य वारंवार कानी पडते : "इथे कोण जात विचारतो? इथे सगळे एका ओळीत राहतात." हे वाक्य उच्चारणारे परके नसतात. ते आपलेच शिकलेसवरलेले, सुस्थित बांधव असतात. त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगून मी म्हणतो की हे विधान असत्य आहे, आणि असत्यापेक्षाही घातक म्हणजे ते सोयीचे आहे. एका ओळीत राहणे म्हणजे काय, हे मी दोन गिरणगावांत पाहिले आहे. एक मुंबईचे, दुसरे लँकेशायरचे. त्या अनुभवाच्या बळावरच हा लेखनप्रपंच.

'टेरेस' म्हटले की आपल्या मराठी मनाला गच्ची आठवते. या देशात टेरेस म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या घरांची रांग. नव्वदच्या दशकाच्या आरंभी मी या देशात आलो, तेव्हा पहिली काही वर्षे ओल्डहॅममधील अशाच एका रांगेत भाड्याने राहिलो. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या, दार उघडले की पाऊल थेट फरसबंदीवर, मागे अरुंद बोळ आणि दोन घरांच्या मध्ये एकच सामाईक भिंत. शेजारचा म्हातारा खोकला की आम्हाला ऐकू येई. ही घरे गिरणीकामगारांसाठी उभी राहिली होती. गिरण्या बंद पडल्या, भोंगे मुके झाले, रांगा मात्र तशाच राहिल्या. मला ते गाव परके वाटलेच नाही. नायगावच्या बी. डी. डी. चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीत माझे बालपण गेले. रिंग खात्यात काम करणारे माझे वडील १९८२ च्या संपानंतर पुन्हा कधी गिरणीत गेले नाहीत. ज्या ओल्डहॅममध्ये मी राहत होतो, तेथील प्लॅट ब्रदर्स या कारखान्याची यंत्रे मुंबईच्या गिरण्यांत धडधडत होती. म्हणजे यंत्र एकच, कापूस एकच, घामही एकच.

एक गोष्ट मात्र एक नव्हती. ती धोट्याची.

मागावर धोट्यातील कांडी संपली की नवी कांडी घालून तिच्या सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढावे लागे. विणकर ते तोंडाने ओढून घेत. लँकेशायरमध्ये हे घडे आणि मुंबईतही घडे. लँकेशायरमध्ये त्यावरून दात किडण्याची आणि रोग पसरण्याची तक्रार झाली. मुंबईत त्याच कृतीतून विटाळ जन्माला आला! ज्या सुताला अस्पृश्याचे ओठ लागतील, त्याला आमचे ओठ कसे लागणार, असे म्हणून सवर्ण कामगारांनी आपल्या माणसांना साचेखात्याचे दार बंद केले. साचेखात्यात मजुरी अधिक होती. आपल्या वाट्याला रिंग खात्यासारखी कमी मजुरीची खाती आली. माझे आजोबा सांगत की, साचेखात्याचा आवाज आम्ही रोज ऐकला, पण उंबरठा ओलांडला नाही. ते खातेही भिंतीपलीकडेच होते, आणि ती भिंतही सामाईकच होती!

१९२८ च्या प्रदीर्घ गिरणी संपात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोकपणे मांडला आणि अस्पृश्य कामगारांना विणकाम खाते खुले करण्याची मागणी त्यांना नाखुशीने का होईना यादीत घालावी लागली. वर्गबंधुत्वाची भाषा बोलणाऱ्यांना आपल्याच शेजारच्या माणसाचा ओठ चालत नव्हता. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत सांगितले. त्यामागे गिरणगावातला हा अनुभवही उभा होता.

कोणी म्हणेल, ते जुने झाले. एकत्र राहिल्याने माणसे आपोआप जवळ येतात. आपोआप? जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बी. डी. डी. चाळींत दलित वस्तीवर दगड आणि पेटते बोळे पडले, ते समुद्रापलीकडून आले होते काय? एकाच नळावर पाणी भरणारे लोक ते! आणि मे २००१ मध्ये ओल्डहॅमच्या रस्त्यांवर गोरे आणि आशियाई तरुण समोरासमोर आले, पाठोपाठ बर्नली आणि ब्रॅडफर्ड पेटले, तेव्हा ती सारी जुनी गिरणीगावेच होती. त्या दंगलींनंतर नेमलेल्या कँटल समितीने त्याच वर्षी निष्कर्ष काढला की येथील समाज समांतर आयुष्ये जगत आहेत. समांतर रेषा शेजारीच असतात. त्या एकमेकींना भेटत मात्र नाहीत. सामाईक भिंतीने बंधुता येत नाही, हे दोन्ही गिरणगावांनी रक्त सांडून सिद्ध केले आहे.

मग बदल कशाने होतो? पुन्हा धोट्याकडेच वळू. तोंड न लावता हाताने सूत ओवता येईल असा धोटा उपलब्ध होता. तरीही मालकांनी आणि कित्येक विणकरांनीही जुनी रीत सोडली नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली तिच्यावर कायद्याने बंदी घातली. ब्रिटनमध्ये अशा धोट्यांविरुद्ध नियम होण्यास १९५२ साल उजाडले. चाळीस वर्षांच्या सद्भावनेने जे साधले नाही, ते साधण्यासाठी अखेर नियमच करावा लागला. घरांचेही तेच. १९६५ च्या वंशसंबंध कायद्याने सार्वजनिक जागांतील भेदभाव रोखला, परंतु घरे आणि नोकऱ्या त्यातून सुटल्या होत्या. काळ्या माणसाला खोली नाकारणे बेकायदेशीर ठरले ते १९६८ च्या कायद्याने. त्याआधी घरमालकांना सभ्यता शिकवणारे कमी नव्हते. पाट्या मात्र तशाच होत्या.

आता आपल्या प्रश्नाकडे पाहा. २०१० च्या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याचा अधिकार मंत्र्यांना देण्यात आला. त्याच वर्षी सरकारनेच करवून घेतलेल्या अभ्यासात या देशात जातिभेदाचा पुरावा आढळला. २०१३ साली संसदेने 'करता येईल' याऐवजी 'केलेच पाहिजे' असे ठरवले. आणि २०१८ साली सरकारने जाहीर केले की कायदा करणार नाही, न्यायालयांचे निर्णय पुरेसे आहेत. एका घरकामगार स्त्रीच्या खटल्यात २०१४ साली अपील न्यायासनाने जात ही वांशिक उगमाच्या व्याख्येत येऊ शकते असे म्हटले आणि पुढील वर्षी तिला मोठी भरपाई मिळाली, हे खरे. तिच्या धैर्याला आपला प्रणाम असो! परंतु एका न्यायासनाने लावलेला अर्थ वरिष्ठ न्यायासन बदलू शकते. शिवाय प्रत्येक पीडिताने प्रथम आपली जात कोणत्या व्याख्येत बसते हे सिद्ध करावे आणि मगच अन्याय सांगावा, हा कोणता न्याय? अमेरिकेतील सिॲटल शहराला २०२३ साली जे स्पष्ट शब्दांत लिहिता आले, ते या संसदेला लिहिता येऊ नये?

आक्षेप असा घेतला जातो की कायद्यात 'जात' हा शब्द आला तर विसरलेली जात मुलांना आठवेल. मी विचारतो, १९६८ च्या कायद्यात 'रंग' हा शब्द आला म्हणून कोणाची कातडी काळी झाली काय? रोगाचे नाव उच्चारल्याने रोग होत नाही. नाव न उच्चारल्याने उपचार मात्र राहून जातो.

आणि विसरले कोण आहे? वेम्बली हे काही गिरणगाव नव्हे, पण येथेही भिंती सामाईकच आहेत. काही वर्षांपूर्वी आपल्यातील एका विद्यार्थ्यासाठी मी येथेच एक खोली पाहण्यास गेलो. घरमालक आपल्याच देशाचे. त्यांनी प्रथम भाडे सांगितले नाही. प्रथम आडनाव विचारले, मग गाव, मग घरात कोणता देव. मुलाने निर्भयपणे सांगितले, "आम्ही बौद्ध." दुसऱ्या दिवशी खोली 'आधीच दिलेली' निघाली. दुःख मला त्या घरमालकाचे झाले नाही. दुःख झाले ते पुढच्या रविवारी, जेव्हा आपल्याच एका ज्येष्ठ बांधवाने त्या मुलाला सल्ला दिला, "आडनाव सांगताना गावाचे नाव पुढे कर, काम होते." ज्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ताठ मानेने धम्म स्वीकारला, त्यांच्या नातवाला आपण लपायला शिकवावे? हे मौन म्हणजे साचेखात्याचे दार आतून नव्हे, बाहेरून आपणच लावून घेणे होय.

म्हणून माझी विनंती स्पष्ट आहे. ज्याला खोली, नोकरी वा बढती जातीमुळे नाकारली गेली असे वाटते, त्याने दिनांक, वेळ आणि उच्चारलेले शब्द त्याच दिवशी लिहून ठेवावेत. प्रत्येक कुटुंबाने आपल्या खासदाराला स्वतःच्या नावानिशी पत्र लिहून विचारावे की २०१३ साली संसदेने दिलेले वचन कोठे आहे. आणि आपल्या मुलांना धोट्याची ही कथा सांगावी, म्हणजे उद्या कोणी आडनाव विचारले तर त्यांची जीभ अडखळणार नाही.

लँकेशायरच्या विणकराच्या ओठांचे रक्षण नियमाने झाले. आपल्या आजोबांच्या ओठांचा जो अपमान झाला, त्याची भरपाई आपण ओठ मिटून कशी करणार?

जय भीम! नमो बुद्धाय!