एक किलोमीटरचं गावकूस

पूर्वी गावाला कूस होतं. दगडामातीचं, नाहीतर निवडुंगाचं. आत कोण नि बाहेर कोण हे सांगायला कागद लागत नव्हता. शाळा आत होती आणि आपली माणसं बाहेर. कुणी पोचलाच शाळेपर्यंत, तर दाराबाहेर गोणपाटावर बसायचा.

आता म्हणे गावकूस पडलं. पिंपरी-चिंचवडात तर गावच दिसत नाही, कूस कुठलं दिसणार? कंपन्या, उड्डाणपूल, वीस-वीस मजल्यांचे टॉवर. पण मित्रांनो, कूस पडलेलं नाही. ते राजपत्रात गेलंय. ९ फेब्रुवारी २०२४ ला ते रीतसर छापून आलं. त्याची लांबी एक किलोमीटर.

काय होतं ते नीट समजून घ्या, कारण आपल्यातल्या निम्म्यांनी त्या वेळी पेपरसुद्धा उघडला नव्हता.

शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा. १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याचं कलम १२ (१) (सी) सांगतं, की विनाअनुदानित खाजगी शाळेनं प्रवेशाच्या वर्गातल्या निदान पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या परिसरातल्या पोरांना द्यायच्या. आठवीपर्यंत फुकट शिकवायचं. पैसे सरकार भरणार. संस्थाचालक सुप्रीम कोर्टात गेले. १२ एप्रिल २०१२ ला कोर्टानं हे कलम कायम केलं.

मग महाराष्ट्र सरकारनं काय केलं? कायदा बदलता येईना, म्हणून नियम बदलला. नियमात अंतर घातलं. ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला पंचवीस टक्के माफ. बस, एवढंच. जातीचा उल्लेख नाही. गरिबीचा उल्लेख नाही. नुसतं अंतर. किती सोज्वळ!

आता कंपास घ्या आणि या शहराच्या नकाशावर ठेवा. झोपडपट्टी जिथं आहे तिथं महापालिकेची शाळा आहे. म्हणजे वस्तीच्या जवळची प्रत्येक खाजगी शाळा सुटली, कारण ती जवळ आहे. राहिली लांबची. ती मिळणं मुश्कील, कारण प्रवेशात पहिला मान एक किलोमीटरच्या आतल्या पोराला. जवळची सुटली जवळ म्हणून, लांबची सुटली लांब म्हणून. मधे उभं राहिलं आपलं पोर, दप्तर घेऊन.

आकडे बघा. या नियमानंतर पोर्टलवर सुमारे ७६ हजार शाळा दिसू लागल्या, जागा पावणेनऊ लाखांवर. केवढी उदारता! पण त्यात भर होती जिल्हा परिषदेच्या आणि पालिकेच्या शाळांची. म्हणजे जिथं आपण आधीच फुकट जातो तिथं जायला आता अर्ज करायचा. अर्ज आले सत्तर हजारांच्या आत. ६ मे २०२४ ला उच्च न्यायालयानं स्थगिती दिली नि जुनी पद्धत परत आली. शाळा उरल्या ९ हजारांच्या आसपास, जागा लाखभर. अर्ज किती? २ लाख ४२ हजारांच्या वर. जागा आठ-नऊ पटीनं घटल्या आणि अर्ज साडेतीन पट झाले. आमच्या आयाबायांना काय पाहिजे ते कळत नाही असं म्हणणाऱ्या तज्ज्ञांनी हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत.

१९ जुलै २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्या. अमित बोरकर यांच्या खंडपीठानं ती दुरुस्ती घटनाविरोधी म्हणून रद्द केली. ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानंही त्यात हात घातला नाही.

झालं. आपण जिंकलो. फटाके वाजवा आणि घरी जा.

नाही! मला इथंच भांडायचंय. रद्द झालं ते राजपत्रातलं कूस. नकाशातलं तसंच उभं आहे.

हे शहर कसं बसलं ते आठवा. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. मागोमाग कारखाने आले. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महापालिका. १९७२ च्या दुष्काळानं मराठवाडा, सोलापूर, नगरची माणसं उपटून इथं आणून टाकली. त्याच १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण निघालं. उद्देश काय, तर कामगाराला परवडणारं घर. आज प्राधिकरणात फिरून या आणि कामगाराचं घर शोधा. बंगले आहेत, झाडं आहेत, शांतता आहे. त्याच निगडीत, सेक्टर बावीसला, ओटा स्कीम आहे. नावच बघा. सरकारनं घर दिलं नाही, ओटा दिला. भिंती तुमच्या तुम्ही घाला. एकाला प्लॉट, एकाला ओटा. मधे काही रस्ते. शाळा मात्र दोन जातींच्या.

अशा आधीच कापून ठेवलेल्या शहरावर तुम्ही 'परिसर' हा शब्द ठेवलात, की निर्णय तिथंच झाला. वस्तीचा परिसर वस्ती, बंगल्याचा परिसर बंगला. अंतर मोजणारा कारकून बिचारा जातीयवादी असायची गरजच नाही. नकाशाच त्याचं काम करतो.

आणि इंद्रायणीच्या पलीकडं जा. म्हणतात तुकोबाचे अभंग बुडवले ती हीच नदी. मोशीचा पूल ओलांडला की महापालिका संपते, खेड तालुका लागतो. कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, मेदनकरवाडी. जगभरच्या गाड्या इथं बनतात. त्या बनवणारा कंत्राटी पोरगा पत्र्याच्या खोल्यांच्या रांगेत राहतो. एका खोलीत एक संसार. लातूर, नांदेड, वाशिम, बिहार, झारखंड.

मी तिथं फॉर्म भरायला बसतो. एक बाई आली. नवरा कंपनीत हेल्पर, ती पॅकिंगला. जातीचा दाखला गावाकडनं आणलेला, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून. मी म्हटलं, ताई, भाडेकरार पाहिजे. नोंदणी केलेला. दुय्यम निबंधकाच्या कचेरीतला. ती म्हणाली, "दादा, मालक पावती दीत न्हाई, करार कुठनं दील?" मालक देत नाही, कारण दहा खोल्या कागदावर आल्या तर त्याला कर आला. म्हणजे ही बाई सहा वर्षं त्या खोलीत राहते, पण ती तिथं राहत नाही. पत्ता नाही तर परिसर नाही. परिसर नाही तर हक्क नाही. पोरगी माझ्या टेबलाच्या कडेला उभी राहून कीबोर्डवरची अक्षरं वाचत होती. एकेक करून, मोठ्यानं. तिला अक्षरं येत होती. तिला पत्ता नव्हता.

तिच्या शेजारच्या खोलीतला बिहारचा बाप तर फॉर्मच्या निम्म्यातनं उठला. त्याचा दाखला परराज्यातला, इथं चालत नाही. चांभार तिथंही चांभारच, इथंही चांभारच. फक्त सवलतीपुरता तो कुणीच नाही.

आणि अंतर? ते नकाशावर सरळ रेषेत मोजायचं. त्या सरळ रेषेत पुणे-नाशिक महामार्ग आडवा येतो. कंटेनर, ट्रेलर, सकाळच्या शिफ्टच्या बसा. पहिलीतल्या पोरानं ती रेषा चालून दाखवावी!

ही रेष कायमची आहे, बदलता येत नाही, असं कुणी सांगितलं तर त्याच्या तोंडावर हसा. १९९७ साली एका फटक्यात अठरा गावं महापालिकेत घेतली. जमीन पाहिजे होती, कर पाहिजे होता. २०२१ साली प्राधिकरणच गुंडाळलं, त्याचे भूखंड इकडचे तिकडं वाटले. चाकणची ग्रामपंचायत गेली, नगरपरिषद आली. वॉर्डांच्या हद्दी तर दर निवडणुकीला सरकतात. कुणाची गल्ली कुठं गेली हे नगरसेवकाला झोपेतसुद्धा सांगता येतं. जमिनीसाठी रेष हलते. मतांसाठी हलते. पोरासाठी हलवा म्हटलं की ती देवानं आखलेली असते!

महापालिका जकातीवर गब्बर झाली. जकात कशावर? कामगाराच्या कारखान्यासाठी हद्दीत येणाऱ्या मालावर. तो कामगार आज पुलापलीकडं राहतो, त्याचं पोर दुसऱ्या हद्दीत. जोतीबांनी १८८२ साली हंटर कमिशनला हेच सुनावलं होतं, की कर रयतेचा आणि शिक्षण वरच्या जातींचं. दीडशे वर्षं होत आली. हिशेब तोच आहे.

या लढाईचा इतिहास आपलाच आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलानं प्रवेश मागितला. मुंबई सरकारचं म्हणणं काय पडलं? एका पोरासाठी बाकीच्यांना दुखवता येत नाही. १८५८ साली कंपनीच्या संचालकांना सांगावं लागलं, सरकारी शाळा सगळ्यांना खुल्या. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पण तिथंच थांबले नाहीत. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद करून पोरं एका शाळेत घालायचा हुकूम काढला. महाराजांना कळलं होतं ते मंत्रालयाला कळत नाही. वेगळी शाळा फुकट दिली तरी ती वेगळीच.

परदेशातलं बघायचं असेल तर डेट्रॉईट बघा. ज्या काळ्या पँथरांचं नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली त्यांच्या देशातलं. १९५४ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. मग गोरे उपनगरांत पळाले. शहरात काळी पोरं, हद्दीबाहेर गोरी. खालच्या कोर्टानं म्हटलं, हद्द ओलांडून पोरं एकत्र करा. १९७४ साली सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी ते उलथवलं. शाळांच्या हद्दी अशा ओलांडता येणार नाहीत म्हणाले. थर्गुड मार्शल विरोधात गेले, पण चौघांतले एक. वेगळेपणा बंद झाला, हद्द राहिली, आणि हद्दीनं वेगळेपणाचं काम चालू ठेवलं. एक किलोमीटर म्हणजे आपलं डेट्रॉईट.

आता आपल्या डाव्या मित्रांचं ऐकू. ते म्हणतात, पंचवीस टक्क्यांनी खाजगी शाळाच मजबूत होतात. सरकारी शाळा वाचवा. बरोबर आहे. मलाही सरकारी शाळाच पाहिजे. पोरामागं वर्षाला १७,६७० रुपये भरपाई ठरवायची, तीही थकवायची, मग संस्थाचालकानं राग आमच्या पोरावर काढायचा, हा धंदा मलाही मान्य नाही. पण कॉम्रेड, तुमची पोरं कुठल्या शाळेत आहेत? ज्यानं स्वतःचं पोर काढून घेतलंय त्यानं आमच्या पोराला सरकारी शाळा वाचवायला तिथं बसवून ठेवू नये. पंचवीस टक्के म्हणजे मुक्ती नव्हे. तो भिंतीतला दिंडीदरवाजा आहे. पण भिंत पडेपर्यंत दिंडीदरवाजा बुजवू देणार नाही.

भिंत पाडायची तर कोठारी आयोगानं १९६६ सालीच सांगून ठेवलंय. परिसरातली सगळी पोरं, जात, पैसा, धर्म न बघता एकाच शाळेत. तिथं परिसर शब्द एकत्र आणायला होता. यांनी तोच शब्द वेगळं करायला वापरला. म्हणून मी म्हणतो, परिसर नव्यानं आखा. ओटा स्कीम आणि प्राधिकरण एका रेषेत घ्या. मोशी आणि कुरुळी एका रेषेत घ्या. टॉवर आणि पत्र्याची खोली एका शाळेच्या हद्दीत आली, की मग बघा त्या शाळेचं छत किती दिवस गळतं!

आणि आता आपलं. आपण काय करतो? चौदा एप्रिलला डीजे लावतो, चौकाच्या नावासाठी डोकी फोडतो. आपल्यातला जो शिकला, कंपनीत इंजिनियर झाला, तो टॉवरात गेला. त्याच्या पोराच्या शाळेत वस्तीतलं पोर पंचवीस टक्क्यांतून आलं की तोही हळूच विचारतो, कुठल्या कोट्यातलं? बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली. आपण दरवर्षी तिथं जातो, वंदना म्हणतो, परत येतो. तिथंच कॅन्टोन्मेंटची हद्द आहे, पालिकेची आहे, जिल्हा परिषदेची आहे. त्या तिन्ही हद्दींच्या मधे किती पोरं अडकलीत, हे आपल्यातल्या एकानं तरी मोजलंय?

वंदना झाली की वही काढा. कायद्यात हत्यारं आहेत, गंजत पडलीत.

कलम ९ म्हणतं, स्थलांतरितांच्या पोरांना प्रवेश मिळवून देणं हे स्थानिक प्राधिकरणाचं काम. मग भाडेकरार मागून हाकलणाऱ्याला लेखी विचारा, कुठल्या कलमाखाली?

त्याच कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या पोरांची नोंद ठेवायचं बंधन आहे. खोल्यांच्या रांगांतली नोंद दाखवा म्हणा. नसेल तर आपण रांगेनं फिरून करू.

कलम २१ म्हणतं, शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण माणसं पालक पाहिजेत, निम्म्या बाया पाहिजेत, वंचितांचे पालक प्रमाणात पाहिजेत. तुमच्या वस्तीतल्या शाळेची समिती कोण आहे? नावं काढा. नगरसेवकाचे पंटर असतील तर उठवा.

प्रभागरचनेच्या हरकतींना आपण शंभर जण जातो. तशाच हरकती शाळेच्या परिसरावर लेखी घाला, दरवर्षी, प्रवेश सुरू व्हायच्या आधी.

त्या पोरीचा फॉर्म शेवटी भरला नाही. वेळ संपली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते, एका वर्गात दोन इयत्ता कोंबलेल्या. परवा भेटली. आता कीबोर्ड नको, पाटी नको, ती रस्त्यावरच्या कंपन्यांच्या पाट्या वाचते. मोठ्यानं. सगळ्या वाचते.

तिच्या आत येण्याची वाट कुणी आखणार नाही. रेष पुसायला आपल्यालाच जायचंय. येत्या रविवारी खोल्या मोजायला कोण कोण येतंय?

जयभीम.