मोथा आणि वाळलेली वेल

तीन वर्षांपूर्वीच्या आषाढात माझ्या अंगणातली पानपिंपरीची वेल वाळली. बाबांच्या मळ्यातून आणलेल्या फाट्यापासून वाढलेली ती वेल शेवग्याच्या आधारानं छपरापर्यंत पोचली होती. आमच्या अंजनगाव सुर्जीत पानपिंपरी कोणाला समजावून सांगावी लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते, ती नागवेलीच्याच कुळातली. तिची वाळवलेली फळं म्हणजे पिंपळी, सुंठ-मिऱ्यांसोबत त्रिकटूत जाते ती. आमच्याकडच्या बारी समाजानं पानमळ्यांबरोबर हे पीक पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. माझे बाबा त्यातलेच.

वेल वाळली ती तणनाशकानं, आणि फवारायला माणूस मीच बोलावला होता.

तण होतं मोथा. पुस्तकात त्याला लव्हाळा म्हणतात. मोगऱ्याच्या आळ्यात, कढीपत्त्याखाली, तुळशीवृंदावनाच्या फटीत, सगळीकडे तो. रोज सकाळी मी उपटायची आणि आठवड्यात तो दुपटीनं यायचा. शेवटी कोणीतरी सुचवलं, एक पंप मारून टाका, पंधरा दिवसांत अंगण साफ. खरंच साफ झालं. पण वाऱ्यानं उडालेले तुषार वेलीच्या पानांवर गेले असणार. फवारलेलं तणनाशक, ग्लायफोसेट, पानातून आत शिरतं आणि मुळापर्यंत उतरतं. मोथा कोणता आणि पिंपरी कोणती, हे त्याला कळत नाही. पोळ्यापर्यंत मोथा परत उगवला. वेल उगवली नाही.

तेव्हापासून मी या तणाच्या मागे लागले. १९७७ साली जगातल्या उपद्रवी तणांवर एक मोठा ग्रंथ निघाला, त्यात पहिला क्रमांक मोथ्याचा आहे. नव्वदाहून जास्त देशांत तो शेतकऱ्यांना छळतो. त्याचं सगळं बळ जमिनीखाली असतं. एका गाठीतून धागा निघतो, त्याला दुसरी गाठ, तिला तिसरी, अशी माळ होते. वरची गाठ जिवंत असते तोवर खालच्या झोपलेल्या राहतात. आपण वरचं पातं ओढतो, धागा तुटतो आणि झोपलेल्या गाठी जाग्या होतात. मी दोन वर्षं रोज सकाळी त्यांना जागं करत होते! औषधाचंही तेच. हिरव्या पात्याला जोडलेल्या गाठीपर्यंत ते पोचतं, माळेतून सुटून झोपलेल्या गाठीला धक्काही लागत नाही.

हे मी वाचून शिकले. पानमळ्यात उभं आयुष्य निंदण केलेल्या एका मावशींना ते न वाचता ठाऊक होतं. अंगणात आल्या, चवड्यांवर बसल्या, बोटांनी माती चाचपली आणि म्हणाल्या, “बाई, वरतून उपटलं त हे जास्तच येते. याची गाठ उन्हात वाळली पाह्यजे. पावसात खोदान त पेरनीच होईन याची.”

त्यांच्या सांगण्याप्रमाणे गेली दोन वर्षं काम चाललंय. एप्रिलपासून मोथा असलेल्या कोपऱ्याचं पाणी तोडायचं. माती कोरडी झाली की टिकासनं वीतभर खोल खणायचं, कारण बहुतेक गाठी तेवढ्यातच असतात. ढेकळं उलटी करून ठेवायची, गाठी वेचून घमेल्यात घ्यायच्या आणि टिनावर पसरायच्या. वऱ्हाडच्या उन्हाला आपण एरवी नावं ठेवतो. पण मोथ्याची गाठ ओलीत वर्षानुवर्षं तग धरते आणि सुकली की संपते. नवतप्याचं ऊन हे आपल्याकडचं फुकटचं औषध आहे. पावसाळ्यात मात्र खणायचं नाही. पातं दिसलं की विळ्यानं कापायचं, दर पंधरवड्याला, न चुकता. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात नवी गाठ धरते, त्याआधी कापलं तर जुनी गाठ आपलीच शिदोरी खाऊन थकते. प्लास्टिक अंथरून पैसे वाया घालवू नका, मोथ्याची टोकं ते भोकसून वर येतात. सावलीला तो भितो, म्हणून मोकळ्या झालेल्या जागेत मी अळू दाट लावलं.

दुसरं तण गाजरगवत, ते त्या मानानं सोपं. फुलावर येण्याआधी, ओल असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावं. हातमोजे टाळू नका, त्यानं अंगाला खाज सुटते, दमा उठतो.

विषाबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ग्लायफोसेट माणसात बहुधा कर्करोग घडवत असावं, असं वर्गीकरण केलं. काही देशांच्या नियामक संस्थांना ते मान्य नाही, तो वाद चालू आहे. आपल्याकडे या औषधाला परवानगी होती ती चहाचे मळे आणि पीक नसलेल्या जागा यांच्यापुरती, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ते प्रशिक्षित कीडनियंत्रकांनीच वापरावं अशी अधिसूचना काढली. माझ्या अंगणात आलेल्या माणसाच्या तोंडाला साधा रुमाल होता आणि पायात चप्पल. २०१७ साली शेजारच्या यवतमाळात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. ती कीटकनाशकं होती, पण रुमाल आणि चप्पल हीच. ज्या अंगणातला कढीपत्ता आपण फोडणीत टाकतो, नातवंडं जिथे मातीत खेळतात, तिथे पंप मारू नये, असं माझं ठाम मत आहे. दुकानदारानं औषध देताना कुठे मारणार, एवढं तरी विचारावं.

आणि निंदणाला आपण हलकं काम समजतो, ते थांबवा. कोणती गाठ कधी काढायची हे ज्या हातांना कळतं, त्यांना आपण दिवसभर घासाघीस करून मजुरी देतो. फवारणीवाल्याशी मात्र मी एका पैशाचीही घासाघीस केली नव्हती.

यंदा पहिल्या खणणीत घमेलंभर गाठी निघाल्या, दुसऱ्या खणणीत जेमतेम ओंजळभर. शेवग्याजवळची जागा अजून रिकामी आहे. मावशी एका मळ्यातून पानपिंपरीचा फाटा आणून देणार आहेत. मिरगाचा पाऊस पडला की पंधरा दिवस थांबायचं ठरलंय. मोथा किती वर येतो ते पाहू, आणि मगच वेल लावू.