मागून येणाऱ्याचा दिवा

कोल्हापूरहून पुण्याच्या दिशेने निघालेला महामार्ग पंचगंगेचा पूल ओलांडून शिरोलीच्या हद्दीत शिरला, की सांगली फाट्यापासून पुढे औद्योगिक वसाहतीच्या अंगाने नागाव फाट्यापर्यंतच्या टापूत दिवेलागणीच्या सुमारास जी दाटी होते, ती पाहिलेल्या कोणासही वाहनाच्या कोपऱ्यावर उघडझाप करणाऱ्या त्या लहानशा नारिंगी दिव्याचे महत्त्व निराळे समजावून सांगावे लागत नाही. पाळी सुटलेले कामगार दुचाकीवरून घराकडे निघालेले असतात, ओतीव मालाने भरलेले टेम्पो वसाहतीच्या आतल्या रस्त्यांवरून बाहेर पडत असतात, सांगलीकडे जाणाऱ्या एस.टी. गाड्या आपली वाट शोधत असतात, आणि बंगळूरकडून आलेले लांबलचक ट्रेलर या साऱ्यांच्या मधून वेग राखण्याच्या खटपटीत असतात. अशा वेळी पुढचे वाहन कोठे वळणार हे मागच्याला त्या दिव्यावाचून कळण्याचा दुसरा मार्ग नसतो. आणि नेमका हाच दिवा आपल्याकडील जुन्या मोटारींवर सर्वांत अधिक उपेक्षित राहिलेला दिसतो.

या उपेक्षेचे कारण माझ्या मते अगदी साधे आहे. पुढचा मोठा दिवा गेला तर मालकालाच रस्ता दिसत नाही, ब्रेक सैल झाला तर त्याच्याच जिवाला घोर लागतो, आणि बॅटरी उतरली तर गाडी जागची हलत नाही. म्हणून या सर्वांची दुरुस्ती तो त्याच दिवशी करून घेतो. वळणदिवा, ज्याला आपण सगळे इंडिकेटर म्हणतो, तो मात्र मालकाच्या कोणत्याही गरजेला येत नाही. चालकाच्या आसनावरून तो दिसत नाही, तो बंद पडल्याने प्रवासाला पळभराचाही उशीर होत नाही, आणि त्याच्या अभावाची किंमत मोजावी लागते ती मागून येणाऱ्या अनोळखी माणसाला. मालकाच्या पैशाने विकत घेतलेला आणि तरीही सर्वस्वी परक्याच्या उपयोगासाठी असलेला मोटारीतील मोजक्या भागांपैकी हा एक होय; आणि म्हणूनच त्याची दुरुस्ती मालकाच्या सवडीचा विषय राहू नये, असे मला मनापासून वाटते.

कायद्याची भूमिकाही याहून वेगळी नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १२१ अन्वये वळण्यापूर्वी इशारा देणे हे चालकाचे कर्तव्य ठरविलेले आहे, आणि हाताच्या इशाऱ्याऐवजी यांत्रिक किंवा विद्युत साधनाने तो देण्याची मुभाही तेथेच आहे. तर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील १०२ व्या नियमाने या दिव्याचा रंग आणि त्याच्या उघडझापीचा वेग, म्हणजे मिनिटास ६० हून कमी नाही आणि १२० हून अधिक नाही, हेदेखील मुक्रर केले आहे. हा दिवा रूढ होण्यापूर्वी, १९५० च्या दशकापर्यंत, कित्येक विलायती गाड्यांत दरवाजालगतच्या खांबातून एक छोटा प्रकाशित दांडा बाहेर पडत असे, आणि ज्यांच्या गाडीत तोही नसे ते खिडकीतून हात बाहेर काढीत. अमेरिकेत ब्यूक कंपनीने १९३९ साली मागील बाजूस उघडझाप करणारे दिवे बसविले, तेव्हापासून ही पद्धत हळूहळू सर्वत्र रूढ झाली. स्थिर दिव्यापेक्षा लुकलुकणारा दिवा दृष्टीच्या कडेलाही चटकन जाणवतो, हे तिच्या यशाचे मर्म आहे.

आता प्रत्यक्ष बिघाडाकडे वळू. जुन्या गाडीचा वळणदिवा पेटेनासा झाला, की बल्ब गेला असे समजून नवा बल्ब आणण्याची घाई केली जाते, आणि तो लावूनही दिवा मिणमिणताच राहिला म्हणजे गाडीच्या वयाला दोष दिला जातो. शिरोलीतील एका वायरमनने मध्यंतरी माझ्यासमोर एका मारुती ८०० चा मागचा दिवा खोलला, तेव्हा तो जे बोलला त्यात सारे निदान आले. ‘‘साहेब, अर्थ मिळंना झालाय बघा, बल्ब बदलून काय हुतंय?’’ असे म्हणत त्याने होल्डर दिव्याच्या पेटीतून बाहेर काढला. त्याच्या पितळी कडेवर हिरवट गंज धरला होता, तळाची स्प्रिंग काळी पडून बसली होती, आणि काचेच्या चिरेतून शिरलेल्या पाण्याबरोबर आलेली भट्टीतील वाळूची काळी पूड कोपऱ्यात थरासारखी साचलेली होती. त्याने पॉलिश पेपरचा चिंचोळा तुकडा बोटाभोवती गुंडाळून पितळ आतून उजळले, अर्थिंगच्या वायरीचे टोक जेथे पत्र्याला जोडलेले होते तेथील बोल्ट खोलून खालचा रंग आणि गंज खरवडला, नवा वायसर घालून बोल्ट आवळला, आणि तोच जुना बल्ब दाबून फिरवून पुन्हा बसविला. दिवा लख्ख पेटला.

यामागचे गणित समजून घेण्याजोगे आहे. या दिव्याचा बल्ब बारा व्होल्टवर एकवीस वॅटचा असतो, म्हणजे त्यातून पावणेदोन अँपियर प्रवाह जातो आणि पेटलेल्या तारेचा विरोध सुमारे सात ओहम भरतो. वाटेत गंजाने एका ओहमचा जरी अडथळा उभा केला, तरी बल्बला पोहोचणारा दाब साडेदहा व्होल्टच्या आसपास उतरतो, आणि तापलेल्या तारेचा प्रकाश दाबाच्या मानाने फार झपाट्याने घटत असल्यामुळे उजेडाचा जवळजवळ तिसरा हिस्सा नाहीसा होतो. भर उन्हात असा दिवा असून नसल्यासारखाच असतो. अर्थिंग पुरतेच तुटले असेल तर प्रवाह शेजारच्या बल्बच्या तारेतून परतीची वाट काढतो, आणि मग वळणाची कळ दाबताच मागचा तांबडा दिवाही लुकलुकू लागतो. हे लक्षण दिसले की दोष बल्बात शोधू नये. उलट एका बाजूची टिकटिक एकाएकी दुपटीने जलद झाली, तर त्या बाजूचा एक बल्ब उडाला असे बहुधा खुशाल समजावे, कारण भार कमी झालेला ओळखून चालकाला सावध करण्याचीच योजना दिव्याची उघडझाप घडविणाऱ्या पुष्कळशा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरमध्ये केलेली असते. साध्या बल्बच्या जागी एलईडी बसविणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो, आणि मग वेग नियमाच्या मर्यादेबाहेर जातो.

काचेची गोष्ट याहून नाजूक आहे. प्लॅस्टिकच्या या काचेला गेलेली बारीक चीर अरल्डाइटने नीट बुजवून पाणी थांबविता येते, आणि तात्पुरता उपाय म्हणून त्याला माझी हरकत नाही. परंतु फुटलेल्या काचेवर तांबडी चिकटपट्टी लावून काम भागविणे, किंवा रंग उडून पांढरा पडलेला नारिंगी बल्ब तसाच चालू ठेवणे, हे मागच्या माणसाला चुकीचा संदेश देणे आहे. तांबडा प्रकाश थांबण्याचा अर्थ सांगतो, पांढरा प्रकाश मागे येणाऱ्या गाडीचा. वळणाचा अर्थ फक्त नारिंगी प्रकाशाला आहे.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि शिरोलीत दुरुस्तीची जी विद्या पिढ्यान् पिढ्या नांदली आहे, तिच्या दृष्टीने हे काम किरकोळ आहे. ज्या गावाने शेतकऱ्याच्या विहिरीवरील ऑइल इंजिने घडविली आणि ज्याच्या भट्ट्यांतून आजही देशातील ट्रॅक्टर-मोटारींचे ओतीव भाग बाहेर पडतात, त्या गावाला एक होल्डर साफ करणे जड जावे असे काही नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन महापुरांत पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर येऊन वाहतूक बंद पडली, आणि पाणी ओसरल्यावर बुडालेल्या गाड्यांच्या वायरी उलगडून, वाळवून, सांधून त्या पुन्हा चालत्या केल्या त्या याच मेस्त्रींनी. अडचण विद्येची नसून सुट्या भागांची आहे. प्रीमियर पद्मिनी किंवा अँबॅसडर यांच्या पिढीतील गाड्यांत काच स्क्रूंनी बसविलेली असे आणि ती एकटी विकत मिळे. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत मात्र काच, परावर्तक आणि पेटी ही सारी एकजीव सांधलेली असल्यामुळे नखाएवढ्या तड्यासाठी संपूर्ण दिवा बदलावा लागतो, आणि त्याची किंमत ऐकून मालक पुन्हा चिकटपट्टीकडेच वळतो. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा ठरविण्यासाठी समिती नेमली, आणि तिच्या कक्षेत मोटारींचाही समावेश केला, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. त्या आराखड्यात वळणदिव्याची काच, होल्डर आणि वायरीचा जोड हे भाग स्वतंत्रपणे विकण्याचे बंधन उत्पादकांवर घातले गेले, तर सुरक्षिततेचे केवढे तरी काम अल्प खर्चात होईल.

दुसरी तजवीज परिवहन कार्यालयाच्या हाती आहे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची मुदत संपल्यावर पाच पाच वर्षांसाठी नूतनीकृत करावी लागते, आणि १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. एवढी रक्कम भरून गाडी तपासणीला आणणाऱ्या नागरिकास, दिवा पेटला की नाही इतक्यावर शेरा न मारता, त्याचा उजेड पुरेसा आहे काय, वेग नियमात आहे काय, काच नारिंगी उरली आहे काय, हे पाहून दोष असल्यास त्याचे कारण लेखी द्यावे, आणि दुरुस्तीनंतर त्याच अर्जावर फेरतपासणी करावी. जुनी गाडी मोडीतच काढावी, या हल्लीच्या सरसकट मताशी मी सहमत नाही. उत्तम राखलेली वीस वर्षांची मोटार ही फुटक्या दिव्याच्या पाच वर्षांच्या मोटारीपेक्षा रस्त्यावर अधिक विश्वासार्ह असते, आणि तपासनीसाने गाडीच्या वयाइतकेच लक्ष तिच्या राखणीकडे द्यावे.

मोटारींविषयी एवढे लिहिल्यावर या जिल्ह्यातील ऊसवाहतुकीचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. गळीत हंगाम सुरू झाला, की एका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या रात्री-अपरात्री रस्त्याला लागतात, आणि ट्रॅक्टरचा इंडिकेटर शाबूत असला तरी तो उसाच्या मोळ्यांआड झाकलेला असतो, तर मागच्या ट्रॉलीपर्यंत जाणारी वायर कोठेतरी तुटून लोंबत असते किंवा मुळी जोडलेलीच नसते. येथेही काम तेच आहे, फक्त वायर लांब आहे आणि ट्रॉली जोडताना तिचा प्लग आठवणीने बसवावा लागतो. साखर कारखाने हंगामापूर्वी वाहनमालकांशी ऊसवाहतुकीचे करार करतात. त्या करारपत्रात मागच्या ट्रॉलीच्या दोन्ही कोपऱ्यांवर चालू स्थितीतील वळणदिवे असण्याची अट घालावी, हंगामाच्या आरंभी कारखान्याच्या आवारात एक वायरमन, पुरेसे बल्ब आणि वायरीची भेंडोळी ठेवून प्रत्येक ट्रॉली तपासून मगच तिला वाहतुकीचा क्रमांक द्यावा, आणि या किरकोळ खर्चाचा बोजा वाहनमालकावर न टाकता कारखान्यांनी तो स्वतः सोसावा.